उंदराची कापलेली शीर आणि तुमची दुखरी टाच

पत्र: मी ३९ वर्षांचा, कोल्हापुरात शिक्षक. चार वर्षांपासून पळतो. रोज पहाटे रंकाळ्याला फेऱ्या, रविवारी पन्हाळ्याचा चढ. पाच महिन्यांपासून डाव्या टाचेच्या वर तीन बोटांवर शीर दुखते. उठल्यावर पहिली पंधरा-वीस पावलं लंगडत जातात, मग मोकळं होतं, आणि पळून आलो की संध्याकाळी पुन्हा ठणका. गणपतीत टायफॉइड झाला होता, त्यातून उठून पळायला लागलो तेव्हापासूनचं हे दुखणं. विश्रांती झाली, गोळ्या झाल्या, थांबलो की बरं वाटतं आणि पळालो की परत तेच. जिममधल्या मित्राने बीपीसी-१५७ ची कुपी ऑनलाइन मागवली होती. त्याचा खांदा दहा दिवसांत सुटला म्हणतो. मेडिकलमधून इंजेक्शनचं पाणी आणून त्याने ती कालवली, त्याला तीन आठवडे झाले. उरलेली अर्धी माझ्या फ्रिजमध्ये आहे. शिरेच्या जवळ रोज दहा युनिट टोच, असं तो सांगतो. सोबत शुद्धता ९९ टक्के असल्याचा कागदही आहे. घेऊ का? धाकटा भाऊ राज्य पातळीवर कबड्डी खेळतो, गुडघ्यासाठी तोही विचारतोय.

उत्तर: नका घेऊ. बीपीसी-१५७, म्हणजे दुखापत लवकर भरावी म्हणून विकलं जाणारं हे पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा), बाजूला ठेवा. ती कुपी इन्शुलिनची असती तरी आम्ही हेच सांगितलं असतं. दुसऱ्याने तीन आठवडे सुई घालून वापरलेली कुपी आहे ती. मेडिकलमध्ये इंजेक्शनचं पाणी म्हणून ५ किंवा १० मिलीची जी प्लास्टिकची नळी मिळते, त्यात जंतू रोखणारं काहीच नसतं. ती फोडायची, एकदा वापरायची आणि उरलेलं फेकायचं, यासाठीच ती असते. परदेशात लोक ज्या पाण्यात अशी पावडर कालवतात त्यात ०.९ टक्के बेंझाइल अल्कोहोल असतं, आणि तेही उघडल्यावर २८ दिवसांपुरतंच. मित्राने नेमकी साध्या पाण्यात कालवलेली कुपी फ्रिजमध्ये ठेवली. फ्रिजमध्ये जंतू मरत नाहीत, फक्त सावकाश वाढतात. शिवाय एकदा जरी अंगात गेलेली सुई परत त्या रबरी बुचातून आत गेली असेल, तर कावीळ बी आणि सी दोन्ही त्या कुपीत असू शकतात. मित्र कितीही धडधाकट दिसत असला तरी.

त्यातून आणखी एक चिवट प्रकार होतो. पाण्यातून येणारे, क्षयाच्या जंतूच्या कुळातले काही जंतू टोचल्या जागी शिरतात आणि तीन-चार आठवडे काहीच दाखवत नाहीत. मग तिथे न दुखणारी कठीण गाठ येते, फुटते, वाहते, आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. महिनोन्महिने उपचार चालतात. टाचेमागे कातडी पातळ आणि रक्तपुरवठा बेताचा, तिथे असं काही झालं तर जखम भरता भरत नाही.

‘दहा युनिट’ हा हिशेबही एकदा मांडून पाहा. कुपी ५ मिलिग्रॅमची आणि पाणी २ मिली घातलं असं धरू, म्हणजे एका मिलीत २.५ मिलिग्रॅम. आपल्याकडे इन्शुलिनच्या सिरिंज दोन तऱ्हेच्या मिळतात. लाल टोपणाची यू-४० आणि केशरी टोपणाची यू-१००. केशरीवर दहाची रेघ म्हणजे ०.१ मिली, म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. लालवर दहाचीच रेघ ०.२५ मिली होते, म्हणजे ६२५. रेघ तीच, औषध अडीचपट. परदेशातले व्हिडिओ यू-१०० धरून बोलतात आणि आपल्याकडे दुकानदार हाताला येईल ती सिरिंज देतो. आणि २५० हा आकडा तरी आला कुठून? माणसांवर मात्रा ठरवणाऱ्या कुठल्याही चाचणीचे निकाल प्रसिद्ध झालेले नाहीत. उंदरांना किलोमागे १० मायक्रोग्रॅम देत, त्यावरून अंदाजाने कुणीतरी ओढून आणलेला आकडा आहे तो.

आता तो ९९ टक्क्यांचा कागद. हा आकडा खोटा असेलच असं नाही, पण तुम्ही समजताय ते तो सांगत नाही. ही टक्केवारी एचपीएलसी नावाच्या तपासणीतून येते. द्रावण एका नळीतून ढकलतात, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक घटकावर अतिनील प्रकाश टाकतात आणि आलेखावर उंचवटे उमटतात. जेवढे उंचवटे दिसले त्यांच्यात मुख्य उंचवट्याचा वाटा ९९ टक्के, इतकाच त्याचा अर्थ. मॅनिटॉल (भर घालायला वापरतात ती साखरेसारखी पावडर), क्षार, पाणी, जंतू यांचे उंचवटे तिथे उमटतच नाहीत. ५ मिलिग्रॅम पेप्टाइड कुपीत नुसतं वाळवलं तर तळाला जेमतेम पापुद्रा दिसतो. पांढरीशुभ्र गुबगुबीत वडी दिसत असेल तर ती बहुतेक सगळी मॅनिटॉलची समजा.

बीपीसी-१५७ ही १५ अमिनो आम्लांची साखळी, रेणुभार सुमारे १४१९.५. तेव्हा कागदाला वस्तुमान वर्णपटाचा, म्हणजे रेणूचं वजन दाखवणाऱ्या तपासणीचा, आलेख जोडलेला हवा आणि त्यावर १४२० च्या किंवा दुहेरी प्रभाराच्या ७१० च्या आसपास रेघ हवी. या साखळीत सलग तीन प्रोलीन येतात, आणि यंत्रावर एकेक कडी जोडताना अशाच जागी एखादी कडी सुटण्याची भीती असते. एक प्रोलीन गळालं की भार ९७ ने घटून १३२२ वर येतो. अशी तुटकी साखळी मूळ साखळीला इतकी चिकटून नळीतून बाहेर येते की ढिसाळ तपासणीत दोन्ही एकाच उंचवट्यात खपतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा बिथरते ती असल्या जवळपास-सारख्या रेणूंनी.

सगळं नीट असलं तरी एंडोटॉक्सिनचा आकडा त्या कागदावर बहुधा नसतोच. मेलेल्या जंतूंच्या भिंतीचे हे तुकडे. ते ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून सहज निघून जातात, उकळून मरत नाहीत (मरायला ते जिवंत कुठे असतात), काचेवरून काढायचे तर कोरड्या २५० अंशांवर अर्धा तास भाजावं लागतं. टोचण्याच्या औषधाला तासाभरात किलोमागे ५ एककांची मर्यादा असते. ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापून विकलेल्या कुपीला ती मर्यादा लागूच नाही. ते छापलं की विकणारा सुटतो, घेणारा अडकतो.

समजा, कुपी निर्मळ आहे, नवी आहे, मात्राही बरोबर आहे. तरी तुमच्या टाचेसाठी आम्ही ती सुचवली नसती, आणि या उत्तरातला महत्त्वाचा भाग हाच आहे.

हे पेप्टाइड क्रोएशियातल्या झाग्रेब विद्यापीठातलं. प्रेड्राग सिकिरिच यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, जठररसातल्या प्रथिनाचा तुकडा म्हणून ते पुढे आणलं. नावातलं बीपीसी म्हणजे ‘बॉडी प्रोटेक्शन कंपाउंड’. तेव्हापासून उंदरांवर त्याचे ढीगभर प्रयोग झाले आणि त्यातले बहुसंख्य याच एका गटाचे आहेत. टेंडनचा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या तुमच्या टाचेसारख्या शिरेचा, नेहमीचा प्रयोग असा: निरोगी उंदराची टाचेची शीर शस्त्रक्रियेने कापायची किंवा हाडापासून सोडवायची, मग रोज पेप्टाइड द्यायचं आणि न दिलेल्या उंदरांशी तुलना करायची. दिलेल्यांची शीर लवकर जुळली, जास्त ताण सोसू लागली, असे निष्कर्ष आहेत. त्यात फसवणूक आहे असं आम्ही म्हणत नाही. पण तो प्रयोग ताज्या जखमेचा आहे.

तुमच्या टाचेला जखम झालेली नाही. तुम्हाला आहे ती टेंडिनोपथी, म्हणजे पेलवेल त्यापेक्षा जास्त ओझं महिनोन्महिने पडल्यामुळे शिरेचे दोर विस्कटणं. दोरी नीट पिळलेली असते तोवर ओढ घेते, तीच उसवून विस्कटली की जाड दिसते आणि कमी ओढते. तुमची डावी शीर उजवीपेक्षा जाड लागते का ते चिमटीत धरून पाहा, बहुधा लागेल. अशा दुखऱ्या शिरेची डॉपलर सोनोग्राफी केली तर पडद्यावर लाल-निळे ठिपके लुकलुकतात. निरोगी शिरेत एवढ्या रक्तवाहिन्या नसतात. त्या नव्याने उगवलेल्या असतात, त्यांच्या सोबत बारीक नसाही आत शिरतात, आणि दुखण्यात त्यांचा हात आहे असं मानलं जातं. स्वीडनमधल्या उमेओच्या डॉक्टरांनी २००२ च्या सुमारास या वाहिन्या इंजेक्शनने मुद्दाम बुजवून दुखणं कमी करून दाखवलं होतं. (पुढे इतरांच्या हातून तसा गुण सगळीकडे आला नाही, ते सोडा.)

आता बीपीसी-१५७ चे विक्रेते कशाची जाहिरात करतात? नव्या रक्तवाहिन्या फुटतात याची! उंदरांत आणि पेशींवर तसं दिसलंही आहे. कापलेल्या शिरेला ती मदत असेल. तुमच्या शिरेत त्या आधीच नको तितक्या असण्याची शक्यता आहे, त्यात आणखी भर कशाला? आणि हाच गुण शरीरात दुसरीकडे लपलेल्या एखाद्या गाठीला रक्त पुरवील का, याचं उत्तर देणारी माणसांवरची दीर्घकाळ पाहणी नाही.

माणसांवरचा पुरावा एवढासा आहे. गुडघेदुखीच्या १६ रुग्णांच्या जुन्या नोंदी चाळून केलेला २०२१ मधला एक अभ्यास, ज्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता. मूत्राशयाच्या दुखण्याच्या १२ जणींचा एक. रक्तवाहिनीतून देऊन पाहिलेल्या दोन जणांचा एक. २०१५ मध्ये ४२ निरोगी स्वयंसेवकांवरच्या चाचणीची रीतसर नोंद झाली होती. तिचे निकाल प्रसिद्धच झाले नाहीत. कुठल्याच देशात हे उपचारासाठी मान्यताप्राप्त औषध नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये याला औषधं बनवून देणाऱ्या फार्मसींसाठी धोक्याच्या यादीत टाकलं, आणि कारणं तीच: प्रतिकारयंत्रणा बिथरण्याची शक्यता, अशुद्धी, सुरक्षिततेची तोकडी माहिती.

शिरेजवळ टोचल्याने औषध शिरेत मुरतं, हीही समजूतच. उंदीर आणि कुत्र्यांत या पेप्टाइडचं रक्तातलं अर्धायुष्य अर्ध्या तासाहूनही कमी निघालं. मित्राच्या खांद्याबद्दल म्हणाल तर त्याने त्या दहा दिवसांत बेंच प्रेस बंद ठेवला होता का, एवढं विचारा. दहा दिवसांत कुठलंही टेंडन नव्याने विणून होत नाही.

तुमच्या पत्रात आमचं लक्ष कुपीपेक्षा जास्त वेधून घेतलं ते टायफॉइडच्या वाक्याने. त्या वेळची चिठ्ठी शोधा. तिच्यावर ओफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, थोडक्यात ‘फ्लॉक्सासिन’ने संपणारं काही आहे का? सेफिक्झिमसोबत ओफ्लॉक्सासिन एकाच गोळीत असतं, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरंही वाचा. जुलाबासाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलही यातच येते. ही औषधं टेंडनला इजा करतात, सगळ्यात जास्त टाचेच्याच शिरेला. काहींना दोन-चार दिवसांत, काहींना औषध संपून काही महिने उलटल्यावर त्रास सुरू होतो. अमेरिकेत २००८ पासून पाकिटावर चौकटीत तसा इशारा छापतात. साठीपुढे आणि सोबत स्टेरॉइड असेल तर धोका आणखी वाढतो. औषध तेच निघालं तर तीन गोष्टी करा. पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की ‘मला फ्लॉक्सासिन नको, टेंडनला त्रास झालाय’ असं आधी सांगा. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका (ते तसंही घेऊ नका, शीर तुटण्याची भीती असते). आणि खाली दिलेला व्यायाम पहिले दोन आठवडे निम्म्या ओझ्याने करा.

व्यायामाआधी जागा पक्की करा. चिमटीत शीर धरून खालून वर जा. टाचेच्या हाडाच्या वर २ ते ६ सेंटिमीटरमध्ये सगळ्यात जास्त दुखलं तर मधल्या भागाचं दुखणं. तुमच्या ‘तीन बोटां’वरून तेच वाटतंय. अगदी हाडाला चिकटून दुखत असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा, कारण खाली नेल्यावर शीर हाडावर दाबली जाते.

जुनी आणि अजूनही चालणारी पद्धत स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ अल्फ्रेडसन यांची, १९९८ ची. पायरीच्या कडेवर चवडे, दोन्ही पायांनी वर, सगळं वजन दुखऱ्या पायावर, मग टाच सावकाश पायरीच्या खाली. गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन, गुडघा किंचित वाकवून १५ चे तीन, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. रोज १८० होतात, आणि इथेच लोक गळतात. तुम्ही जिमला जाताच, तर दुसरी पद्धत घ्या: आठवड्यातून तीनदाच, पण जड आणि संथ. बसून काफ रेज (टाचा उचलणं), लेग प्रेसवर गुडघे सरळ ठेवून चवड्याने ढकलणं, आणि खांद्यावर बार घेऊन उभ्याने काफ रेज. वर जायला तीन सेकंद, खाली यायला तीन. पहिल्या आठवड्यात १५ जमतील आणि सोळावा जमणार नाही एवढं वजन, तीन सेट. दुसऱ्या-तिसऱ्यात १२ चे तीन, चौथ्या-पाचव्यात १० चे चार, सहा ते आठमध्ये ८ चे चार, नऊ ते बारामध्ये ६ चे चार. दर टप्प्याला वजन वाढलंच पाहिजे. २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये दोन्ही पद्धतींची तुलना झाली तेव्हा गुण सारखाच आला, पण जड-संथवाले जास्त खूश होते. वेळ कमी जातो ना.

यात चुकतं ते वेगाने. घाईघाईत उसळ्या मारत वीस केले की पोटरी भरून येते, घाम येतो, समाधान वाटतं, आणि शिरेवर हवा तसा सावकाश ताण पडतच नाही. दुसरी चूक दुखण्याला भिऊन ओझं न वाढवण्याची. करताना दहापैकी पाचपर्यंत दुखलं तर चालतं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळची: उठल्यावर लंगडत जाणारी पावलं मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहा. आज वीस असतील. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी तीस झाली तर ओझं एक पायरी खाली आणा. वीसच राहिली तर पुढे चला.

पळणं साफ बंद करायचं कारण नाही, विश्रांतीने काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. रंकाळ्याच्या सपाटीवर, दिवसाआड, बोलता येईल एवढ्या वेगाने पळा. पन्हाळा तीन महिने नाही. चढावर टाच खाली राहते आणि शीर प्रत्येक पावलाला ताणली जाते. आणखी एक गोष्ट, कोल्हापूरकराला सांगायला जीवावर येतं: घराबाहेर सपाट कोल्हापुरी चप्पल काही आठवडे नको. टाचेखाली उंची लागते. बुटात दोन्ही पायांना सुमारे १२ मिलिमीटरची टाचेची गादी घाला, एकाच पायात घातली तर कंबर कुरकुरेल. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात १०० जणांवर झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांनंतर नुसत्या पायरीच्या व्यायामापेक्षा या गादीने जास्त आराम दिसला होता.

एकदा साखर, कोलेस्टेरॉल आणि युरिक ॲसिड तपासून घ्या. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त कंबर आखडत असेल किंवा दोन्ही टाचा दुखू लागल्या तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. पळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटून ‘फट्’ आवाज आला, तर घरी येऊन पालथे झोपा आणि कुणाला पोटरी दाबायला सांगा. दाबल्यावर पाऊल हललं नाही तर शीर तुटलेली आहे. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.

भावासाठी उत्तर आणखी लहान आहे. वाडाने (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने) बीपीसी-१५७ ला २०२२ पासून मान्यता नसलेल्या पदार्थांच्या गटात नावानिशी घातलंय, आणि या गटाला स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर, बाराही महिने बंदी असते. जिममध्ये ‘वुल्व्हरिन’ म्हणून याच्या जोडीला टीबी-५०० हे जे दुसरं पेप्टाइड देतात तेही बंदीतच. जे औषधच नाही त्याला वैद्यकीय सवलत तरी कशी मागणार? खेळाडूने असा पदार्थ नुसता जवळ बाळगणं हाही नियमभंग आहे, त्यामुळे तुम्ही दोघं एकाच घरात राहत असाल तर कुपी आजच फ्रिजमधून काढा. घंटागाडीत टाकू नका, ओळखीच्या दवाखान्यात सुया-कुप्यांच्या डब्यात द्या. त्याच्या गुडघ्याबद्दल मात्र आम्हाला काहीच ठाऊक नाही. गुडघा अडकतो का, सुजतो का, जिना उतरताना दुखतो की बसल्यावर, हे त्यालाच वेगळ्या पत्रात लिहू द्या.

आणि टायफॉइडची चिठ्ठी सापडली की गोळ्यांची नावं आम्हाला नक्की कळवा.